पिवळ्या पट्टीची पेटी

कंपनीत भंगारात निघालेल्या निळ्या प्लास्टिकच्या पेट्या मी गेटपास करून घरी आणल्या, तळाला भोकं पाडली आणि आकुर्डीच्या आमच्या गॅलरीत त्यांत टोमॅटो लावले. मुलगी बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. तिला सकाळ-संध्याकाळ टोमॅटोच हवा. झाडावरून तोडायचा, ओढणीला पुसायचा की थेट तोंडात. मला त्याचं कोण कौतुक!

एका रविवारी झाडाला ऊन मिळावं म्हणून शेवटची पेटी फिरवली, तर भिंतीकडच्या बाजूला फिकट पिवळी पट्टी.

आमच्याकडे पिवळी पट्टी म्हणजे प्लेटिंगची पेटी. विषारी रसायनात बुडवलेले पार्ट तिच्यात निथळत ठेवतात. ती गेटबाहेर जाऊ द्यायची नाही, हे नव्या पोरांना इतकी वर्षं मीच ओरडून सांगत आलोय. पण त्या दिवशी वॉचमनने एकात एक घातलेल्या पेट्या सोडवून पाहिल्या नाहीत आणि मीही नाही. सुपरवायझरच्या पेट्या कोण तपासणार? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मी झाड मुळासकट उपटलं. आवाज ऐकून मायलेकी बाहेर आल्या.

"बाबा, काय केलंत हे? लाल झाले होते की!"

"कीड लागलीय," मी खेकसलो. चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला.

बायकोने पान उलटंसुलटं करून पाहिलं. "कुठंय कीड? अहो, खरं काय ते सांगा."

मुलीच्या पोटाकडे नजर गेली आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. "या पेटीतले किती खाल्लेस? नीट आठव. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ."

बायकोने दाराची चौकट धरली.

"एकही नाही," मुलगी हळूच म्हणाली. "सगळ्यात लाल याच झाडाला लागायचे. ते मी तुमच्या डब्यासाठी ठेवायचे."

रोजच्या डब्यातल्या फोडी आठवल्या. मी तिथेच मातीत मटकन बसलो आणि हसायला लागलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ती मात्र हसली नाही. डोळे पुसत तिने पायांत चपला सरकवल्या.

"उठा बाबा. डॉक्टरकडे आता तुम्हाला न्यायचंय."