सासरवाडीची कपबशी

माझ्या सख्ख्या भावाला विधानसभेच्या निवडणुकीत 'नोटा'ने हरवलं आणि त्यात माझा हात होता.

पेणला रामवाडीजवळ आमचा गणपतींचा कारखाना. गणपती गेले की काही दिवस हात मोकळे. त्या मोकळ्या हातांनी नानाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अपक्ष म्हणून अर्ज भरला! चिन्ह मिळालं कपबशी.

"निवडून नाय येणार, ठाव हाय मला," नाना म्हणाला. "पण नोटाच्या खाली नको जाऊ देऊस. कारखान्यात पोरांना तोंड दाखवायचं हाय."

"सासरवाडीचं अख्खं गाव माझ्याकडे लागलं!" मी छाती पुढे काढली. माझी सासरवाडी रोह्याकडे, निडी स्टेशनवरून आत. रोहा तालुक्यातली काही गावं आमच्या मतदारसंघात येतात, एवढं मी टपरीवर ऐकलं होतं. कुठली, हे विचारायचं सुचलं नाही.

"अहो, आबांना एकदा विचारून तर घ्या," बायको म्हणाली.

"राजकारणातलं तुला काय कळतं?" (हे वाक्य ती अजून पाहुण्यांसमोर माझ्या आवाजात म्हणून दाखवते.)

गेलो. वेशीवरच्या भिंतीवर भलीमोठी कपबशी रंगवलेली पाहून माझा ऊर भरून आला. नाना इथवर पोचला होता!

आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, भातकापणी थांबवून सगळी भावकी ओटीवर बसवली. सासूबाईंनी जावयासाठी ठेवणीतली फुलाफुलांची कपबशी काढली. मी तीच उचलून धरली. "नाव लक्षात ठेवायची गरज नाही! यंत्रावर ही दिसली की बटण दाबायचं!"

आबांनी घसा खाकरला. "कपबशीच ना, जावईबापू? नक्की?"

"तुमच्या लेकीची शपथ, आबा!"

"मंग झालं. जावयाचा शब्द हाय." आबांचा आवाज पडलेला वाटला. भारावले असतील, असं मी समजलो.

मतदानाच्या दिवशी दुपारीच त्यांचा फोन आला. "समद्यांनी कपबशी दाबली. तुमच्या सासूबायनी तर डोळं मिटून दाबली."

(डोळे मिटून! केवढा हा विश्वास!)

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, उमेदवारांचं भवितव्य यंत्रात बंद. मी मस्त झोपलो.

निकाल लागला. नाना नोटाच्या खाली होता. फरक साधारण माझ्या सासरवाडीएवढा! नानाने मतदान केंद्रांची यादी माझ्यापुढे धरली. "तुझं गाव कुठं हाय ह्यात?"

मी यादी तीनदा वाचली. गाव नव्हतंच. ते शेजारच्या मतदारसंघात होतं.

तेवढ्यात आबांचा फोन. "जावईबापू, गावात कपबशी पयली! नारायण पेढे घेऊन दारात उभा हाय."

"कोण नारायण?"

"कोण म्हंजे? आपला बांध सरकवला तो! हिकडं कपबशी त्याचीच नाय का?"

अपक्षांचं एकच चिन्ह दोन मतदारसंघांत दोन वेगळ्या माणसांना मिळू शकतं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. आबा ज्याच्याशी पंधरा वर्षं बोलले नव्हते, त्याच्या पदरात मी त्यांची सगळी भावकी टाकली होती.

"आबा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"वाटलं, वरून तुमची काय बोलणी झाली असतील. आन जावयाला नाय कसं म्हणायचं? तुमी लेकीची शपथ घातलेली, म्हणून दाबलं बटण."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना समोर, आबा कानात, आणि बायको दारात हाताची घडी घालून.

माफी मागायला सासरवाडीला गेलो. कुणी रागावलं नाही. जावयाला बोलायचं कसं? सासूबाईंनी फक्त चहा आणला, स्टीलच्या पेल्यात.

फुलाफुलांची कपबशी तेव्हापासून माळ्यावर आहे. मी पेला या हातातून त्या हातात करत बोटं भाजून घेतो आणि "झकास झालाय" म्हणतो.