केस पेपर नसलेला पेशंट

बाबलचा फोन आला तेव्हा मी खिडकीत बसून गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापत होतो. बाबल आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. दाजींना गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला तो सकाळी निघाला होता. बांद्याच्या अलीकडेच त्याने गाडी कडेला घेतली होती. "दाजी गेले," तो म्हणाला, आणि मग, "आता गाडी खंय नेऊ?" खिडकीबाहेर बारा-पंधरा माणसं हात पुढे करून उभी होती. आमच्या डॉक्टर मॅडमना विचारून सांगतो, एवढंच म्हटलं. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारूनच करायची असते.

दाजी आमचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लोकांच्या भाषेत रक्त तपासणारे. त्यांची खोली आणि माझी औषधांची खोली यांच्यात एकच भिंत. लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापाच्या धास्तीने रक्त तपासायला रांग लागे, तेव्हा दुपारचा डबा तसाच राहायचा. गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन, मलेरियाच्या काचा, क्षयाच्या संशयितांचा बेडका, सगळं एकाच माणसाने आणि एकाच सूक्ष्मदर्शकावर बघायचं. शेतात राबून राठ झालेल्या हातावर शीर सापडत नसली की सिस्टर त्यांनाच हाक मारत. ते बोटाने चाचपत आणि पहिल्या टोचणीत रक्त काढत. मला ते 'दुकानदार' म्हणायचे. तू नुसता देतोस, शोधायचं काम आमचं, असा त्यांचा टोमणा. मीही त्यांना 'डास' म्हणून हिशेब चुकता करत असे.

आमच्याकडे दवाखान्यात जो काम करतो तो डॉक्टरच. मला रस्त्यावर डॉक्टर म्हणून हाक येते, बाबललाही येते. दाजींना हे मुळीच खपत नसे. एकदा देवबागचा एक रापणीचं जाळं ओढणारा माणूस आईचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या दारातच अडून बसला. काय आहे ते तुम्हीच सांगा, मॅडमच्या रांगेत परत उभा राहत नाही, म्हणाला. दाजींना आकडा बघताच सगळं कळलं असणार, इतकी वर्षं काय उगाच काढली होती! पण त्यांनी कागद त्याच्या हातात परत दिला. "माजा काम आकडो काढूचा. तेचो अर्थ मॅडम सांगतीत," म्हणाले. आकडा वाचणं वेगळं आणि माणूस वाचणं वेगळं, हे ते मला वारंवार ऐकवत.

आता जे सांगायचंय ते सांगताना मान खाली जाते. पेशंट आधी केस पेपर काढतो, मग मॅडमकडे जातो, त्या लिहून देतात आणि चिठ्ठी माझ्या खिडकीत येते. आम्ही आतली माणसं मात्र केस पेपर काढत नाही. काढला तर बाकीचे हसतात, काय रे, आजारी झालास काय? आम्ही सरळ औषधांच्या खोलीत शिरतो आणि हात पुढे करतो. दाजी गेल्या वर्षीच्या आंब्याच्या दिवसांपासून असेच यायचे. "जळजळता रे, एक पट्टी दी." मी द्यायचो. ते वाळत चालले, कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं, तेव्हा वहिनी जेवायला घालत नाहीत वाटतं, अशी मी थट्टा केली. मग एक दिवस त्यांनी लोहाच्या लाल गोळ्या मागितल्या. "रक्त कमी आसा. नऊच भरला." कोणी बघितलं, मी विचारलं. "मीच बघलंय," ते हसून म्हणाले. मीही हसलो आणि गोळ्या दिल्या.

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी असती तर मी दोन प्रश्न विचारले असते. दाजींना मी एकही विचारला नाही. जन्मभर दुसऱ्याच्या आकड्याचा अर्थ न सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या आकड्याचा अर्थ लावला आणि मी दुकानदारासारखा माल दिला.

नंतर त्यांना खोलीतच काळी उलटी झाली. मॅडम वयाने आमच्या मुलींएवढ्या, त्या धावत आल्या आणि सवयीने त्यांनी केस पेपर मागितला. तो नव्हताच. सगळं ऐकल्यावर त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "एका छपराखाली बसतो आपण. मला कुणीच कसं सांगितलं नाही?" गोव्याच्या इस्पितळात तपासल्यावर पोटात कर्करोगाची गाठ निघाली, ती पुढे पसरलेलीही होती. दोन महिने गेले. त्या शेवटच्या सकाळी त्यांना आमच्या केंद्रात आणलं, सिस्टर सलाईन लावायला बसल्या तर शीर मिळेना. दोनदा सुई चुकली. दाजींनी डोळे उघडले आणि दुसऱ्या हाताचं बोट मनगटावर टेकवलं. "हंय बघ," म्हणाले. तिथे शीर मिळाली. मॅडमनी पत्र लिहिलं, बाबलने गाडी काढली, मी वाटेसाठी दुखण्याची औषधं बांधून दिली. ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं, पण उपयोग कशाचाच नव्हता.

तीन आठवड्यांनी वहिनी एक पिशवी घेऊन खिडकीशी आल्या. आत उरलेल्या पट्ट्या होत्या, मीच कापून दिलेल्या. "सरकारच्यो गोळ्यो, फुकट जावक नको," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. पिशवी सरकवता सरकवता त्या थबकल्या. "माका पण हल्ली जेवल्यार जळजळता. ह्यातली एक घेव काय?"

मी खिडकी लावली, बाहेर आलो आणि त्यांना घेऊन केस पेपरच्या रांगेत उभा राहिलो. आमच्यापुढे अकरा जण होते. मॅडमनी त्यांना नीट तपासलं, पापणी खाली ओढून बघितली आणि आधी रक्त तपासा म्हणून लिहून दिलं. दाजींच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, रक्त बाहेर पाठवावं लागतं, हे मी सांगणार होतो... पण वहिनी कागद घेऊन सगळ्या पेशंटांसारख्या व्हरांड्यातून पुढे गेल्याही होत्या. दाजींच्या खोलीला कुलूप होतं. त्या कुलुपाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, मग समोरच्या बाकावर बसल्या आणि कागद मांडीवर ठेवला.

"बसतंय मी," म्हणाल्या. "कोण तरी येयत."