बंद संगणकातली टकटक

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलाला मी फळ्यापाशी बोलावून ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांतला फरक लिहायला लावत असे. म्हणून पुढील मजकुरात निरीक्षण तेवढे माझे. अनुमान आपण काढावे.

माझी पत्नी धारणीकडच्या एका शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिथल्या मुलांसाठी तिने अमरावतीच्या आमच्या घरी, संगणकावर, श्रुतलेखनाचे एकेचाळीस पाठ स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. ते शाळेला पाठवण्याआधीच ती गेली. दोन वर्षे ते ऐकण्याचा मला धीर झाला नाही. मात्र सुरक्षिततेसाठी सगळे पाठ संगणकातल्या ‘सी’ ड्राइव्हवरून ‘डी’ ड्राइव्हवर उतरवून ठेवले होते. दोन प्रती, दोन ठिकाणी… निदान मी तसे समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात संगणक मंदावला. फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागे, मधेच पडदा गोठे. एकदा तर एक फोल्डर दिसेनासा झाला आणि यंत्र पुन्हा चालू केल्यावर परतला. यंत्र जुने झाले, एवढेच मी मनाशी म्हटले.

मग एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, संगणकाच्या पेटीतून आवाज आला. टक-टक… टक. दोन, विराम, एक.

वापर झाला की प्लग काढून ठेवण्याची माझी सवय आहे. तो काढलेलाच होता. मी कूलर बंद केला, घड्याळ दुसऱ्या खोलीत नेले, पाल शोधली, शेवटी पेटीला कान लावला. टक-टक… टक. बुधवारी तेच. गुरुवारीही.

अकोल्याला जठारपेठेत माझी भाची सुजाता संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवते. तिला फोन केला आणि टेबलावर बोट आपटून ती टकटक ऐकवली.

“मामा, प्लग काढल्यावर डिस्क वाजत नसते. तुमचे कानच वाजून राहिले,” ती हसली. पण मंदावण्याची आणि फोल्डरची हकिगत ऐकताच तिचा स्वर बदलला. “हे आधी काहून नाही सांगितलं? डिस्क मरायला टेकली ती! आता चालू करून पाहू नका. पेटीच घेऊन या.”

“रविवारी येतो.”

“रविवारी काहून? आज या!”

पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, “गुरुजी, याले बी सीट देऊ का?”

दुकानात सुजाताने डिस्क बाहेर काढली. मी जरा अभिमानानेच ‘डी’वरच्या प्रतीबद्दल सांगितले. तिने कपाळाला हात लावला.

“मामा, सी आन् डी म्हणजे एकाच आलमारीचे दोन कप्पे. आलमारीच जळाली तं?”

मी मान खाली घातली. इतके साधे विज्ञान!

पाठ नव्या डिस्कवर उतरायला तीन तास लागले. एकेचाळिसावा आला. खात्रीसाठी तिने जुनी डिस्क पुन्हा जोडली, तर संगणक ती डिस्क ओळखेचना. आतून वेडीवाकडी खरखर झाली, मग काहीच नाही.

“संपली. रविवारी आणली असती तं मीच हात जोडले असते.”

मग तिने पहिला पाठ लावला. आधी लाकडी पट्टी टेबलावर आपटल्याचा आवाज. टक-टक… टक. आणि नंतर पत्नीचा आवाज — “झालात का शांत? लिहा.”

सुजाता माझ्याकडे पाहतच राहिली. “मामी वर्गात असंच करे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. तिच्या वर्गात मी कधी बसलोच नव्हतो.

ती ध्वनिमुद्रण करत असताना शेजारच्या खोलीतून ते माझ्या कानावर पडले असेल आणि मनात राहिले असेल, हे अनुमान मीच मांडतो. पण नेमके त्याच आठवड्यात ते वर का यावे?

आपला संगणक मंदावला, फाइल अडकू लागल्या, डिस्क खरखरू लागली, तर कोणी टकटक करण्याची वाट पाहू नका. वेगळ्या डिस्कवर प्रत घ्या. आणखी एक दुसऱ्या घरी ठेवा. माझी एक सुजाताकडे आहे, एक धारणीच्या शाळेत. तिथे आता पट्टी वाजली की मुले वह्या उघडतात.

सुजाताचे आभार मानून झाले. दुसरे आभार कुठे पोहोचवावेत, ते मला कळत नाही. म्हणून दुपारी तीनला पाठ लावतो, वही घेऊन बसतो आणि पत्नी सांगेल तसे लिहितो.