पुंजारामची काठी

संघपालचं वेल्डिंगचं दुकान आमच्या गावच्या फाट्यावर आहे, भोकरदन रोडला. तालुक्यातल्या निम्म्या खिडक्या आपल्या हातच्या, असं तो सांगतो. खोटं सांगतो. पण काम चोख करतो.

यंदा ग्रामपंचायतीनं वेशीवर लोखंडी कमान करायचं ठरवलं. काम संघपालला मिळालं. एवढं मोठं काम त्याला कधीच मिळालं नव्हतं. मग सरपंच हरिओम दुकानात आले. कमानीच्या मधोमध येसकराची घुंगराची काठी बनव म्हणाले, गावची परंपरा आहे. खरी काठी तुझ्याच घरात आहे, ती पोळ्याच्या मिरवणुकीत पुढं ठेवू, तुला मान देऊ.

काठी खरंच घरात होती. संघपालचे आजोबा पुंजाराम गावचे शेवटचे येसकर. वेस राखायची, दवंडी द्यायची, मेलेली ढोरं ओढायची, ही काठी वाजवत दारोदार शिळी भाकर मागायची. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला आणि काठी माळ्यावर फेकली.

वस्तीतली पोरं भडकली. काठी विहारापुढं जाळायची आणि अशी चिन्हं मिरवायला बंदी घाला, असा अर्ज तहसीलला द्यायचा, असं ठरलं. अर्ज मी लिहिला, वस्तीत मराठीत एमए झालेला मीच. सहीला आणि काठी मागायला संघपालकडं गेलो. त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला.

"मिरवायची बंदी, बराबर. जाळायचं बिलकुल न्हाई. जाळली की उद्या हेच लोक म्हणतील, असं काही नव्हतंच. मंग दाखवशील काय? तुझा अर्ज?"

मी सहा वर्षं पुस्तकं वाचली होती, हे सुचलं नव्हतं.

ग्रामसभेला तो काठी घेऊनच आला. दुसऱ्या हातात लोखंडी पाटी होती. वेल्डिंगनं अक्षरं उठवलेली. पुंजारामचं नाव, कामं, पाणी ओंजळीत वरून ओतत ते, भाकर कोणाकोणाच्या दारात मिळे ते. काठी पंचायतीत ठेवा, म्हणाला, पण ही पाटी तिच्याखाली लागंल.

काठी राहू दे, पाटी कशाला, असं हरिओम म्हणाले. जुनं उकरून गावात भांडणं लागतील.

"जुनं तर तुम्हीच कमानीवर चढवून राह्यले, सरपंच. मी नुसतं त्याचं नाव लिहिलं."

कमानीचं काम दुसऱ्याला गेलं. तिच्यावर आता बैलजोडी आहे.

काठी आणि पाटी संघपालनं दुकानाच्या दर्शनी भिंतीवर ठोकली. एसटीतले लोक वाकून वाचतात. गेल्या आठवड्यात सरपंचांचे चुलते मोडका वखर घेऊन आले. पाटीवर त्यांच्या घराचं नाव आहे. ते त्यांनी वाचलं.

"काढून टाक की रे आता. सगळं मिटलंय."

"मिटलंय ना, काका? मंग वाचायला काय जातंय," संघपाल म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. "आणा तो वखर इकडं."