शेवग्याच्या ओंडक्यावरची मर्दुमकी

करवत दाखवायला शेवग्याचा ओंडका कापणाऱ्या दुकानदाराबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवगा हे काय लाकूड झालं? आमच्याकडे जरा वारं सुटलं की शेवग्याची फांदी मोडून पडते आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. काकडी कापून सुरीची परीक्षा घ्यावी, तसला तो प्रकार.

आमचा धंदा झाडांचा. बंगल्यावर वाकलेल्या फांद्या, तारांत घुसलेला गुलमोहर, पावसाळ्याआधीची छाटणी, आणि परवानगी असेल तिथं अख्खं झाडही. आमचे मालक गेले तेव्हापासून वर माझा मुलगा चढतो. खाली दोराला गडी असतात आणि गड्यांवर ओरडायला मी असते. खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायलाही मीच असते. पेट्रोलची करवत मी पदर खोचून कितीतरी वर्षं चालवली आहे. बघायला लोक थांबतात. थांबू देत, त्यांना दुसरं काम नसतं.

गेल्या थंडीत एका सकाळी सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, ह्यांना शर्टाची गुंडी लावता येईना."

मी जाऊन बघितलं तर बोटांची टोकं पांढरीफटक. बधिर. पोरानं किती दिवस लपवलं होतं कुणास ठाऊक. चहाचा उकळता ग्लास तो मुठीत धरायचा आणि मला वाटायचं, गडी मोठा सोशिक आहे. सोशिक कसला, त्याला कळतच नव्हतं! डॉक्टर म्हणाले, पेट्रोलच्या करवतीच्या थरथरीनं हे झालंय, ती सोडा, नाहीतर हाताची पकड जाईल. पकड गेलेला माणूस झाडावर चढत नाही. आणि चढलाच, तर उतरतो कसा, ते मी सांगायला नको.

झाडं सोडायची तर त्याची तयारी नव्हती. त्याला दुसरं काही येत नाही आणि यावं असं त्याला वाटतही नाही. बॅटरीच्या करवतीला थरथर कमी असते, असं कळलं. झालं, ठरलं, बॅटरीची घ्यायची.

आता आमच्या घरात एक जाणकार आहेत. जावई. त्यांनी आयुष्यात तुळशीची मंजिरी खुडली नसेल, पण मोबाईलवर सगळं बघितलेलं असतं. त्यांनी घरबसल्या एक मागवली. खोक्यावर ताकदीचा आकडा असा छापलेला की त्यात आमच्या गल्लीतले सगळे दिवे लागावेत. होटगी रस्त्याला एका बाभळीवर मुलानं ती चालवली. फांदीत अर्धी शिरली आणि थांबली. ओढली तर निघेना. पाखरू बसावं तशी बसून राहिली.

जावई खालून म्हणाले, "चार्जिंग संपलं असेल."

"संपलं न्हाई, जावईबापू," मी म्हटलं, "लाजली ती."

गडी फांदीआड तोंड लपवून हसले. जावई दोन दिवस जेवायला आले नाहीत.

मग आम्ही मायलेक बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारेगार, भिंतीवर करवती अशा टांगलेल्या की सोन्याचे हारच. दुकानदार सगळं मुलाला सांगत होता. मी म्हणजे सोबत आलेली पिशवी. त्यानं स्टँडवर शेवग्याचा ओंडका ठेवला, करवत लावली आणि खसकन कापला.

"बघितलं? लोणी!"

"लोणीच हाय ते," मी म्हटलं. "आमी लाकडं तोडतो."

दुसऱ्या दिवशी बाभळीचा एक वाळका तुकडा घरून उचलला आणि रिक्षात घातला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, चूल पेटवायला चाललाय का?"

"व्हय. एका दुकानदाराची."

तुकडा बघून दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. पण माघार कशी घेणार? त्यानं सगळ्यात मोठी करवत काढली आणि मुलाच्या हातात दिली. तिनं बाभूळ कापली, खोटं कशाला बोलू, चांगली कापली. दुकानदाराची छाती फुगली.

"बोला, कशी वाटली?"

मुलगा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला इचारू नका. मला कळत न्हाई."

हा अडाणी आहे असं समजून दुकानदार मोटर म्हणजे काय इथपासून समजवायला लागला. मुलानं त्याला थांबवलं. "तसं न्हाई ओ. माझ्या बोटांनाच कळत न्हाई. थरथरली तरी मला पत्ता लागत न्हाई. आईला द्या."

मला माहीत होतं सगळं, तरी पोराच्या तोंडून ते भर दुकानात पहिल्यांदाच ऐकलं.

दुकानदार मात्र हसला. "अव्वा चालवणार?"

"अव्वाच चालवणार. तू जरा बाजूला उभा ऱ्हा."

मी पदर खोचला, डोळ्यांवर दुकानातला चष्मा चढवला आणि मोठी करवत बाभळीला लावली. कापलं. बंद केली, खाली ठेवली आणि थरथर किती उरलीय ते कळायला दोन्ही तळवे गालांना लावून बघितले. मुंग्या. कोपरापर्यंत मुंग्या, जुन्या फटफटीवरून अक्कलकोटला जाऊन आल्यासारख्या.

"ही नको."

"अव्वा, हिच्याएवढी पॉवर दुसरीत न्हाई!"

"मला पॉवर न्हाई लागत. मला ह्याचा हात लागतो."

मग त्यानं नाइलाजानं एक लहान काढली, वरच्या बाजूला मूठ असलेली, झाडावर वापरायची. ती विकायची इच्छा नव्हती त्याची, पण ऐट सुटते का? एका हातात धरून त्यानं सिनेमातल्या हिरोसारखा पवित्रा घेतला. "एका हातानं चालते. दुसरा हात मोकळा!"

"मोकळ्या हातानं वर काय करायचं? टाटा?"

एका हातानं करवत चालवणारे मी बघितलेत. त्यांच्या बायकाही बघितल्यात, नंतर. मी दोन्ही हातांनी धरली आणि लावली. मोठीपेक्षा हळू कापत होती, पण रडतखडत नाही. तळवे गालांना लावले. शांत. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोठी चालवली, पुन्हा लहान. दुकानदार घाम पुसायला लागला, एवढ्या गारव्यात.

"हीच द्या. आणि बॅटऱ्या जास्तीच्या द्या. उन्हात तापल्यावर चार्ज होतात का ह्या?"

"तापल्या की थोडा वेळ एसीत ठेवायच्या."

सोलापूरचा मे महिना, कडुलिंबाचं झाड आणि खाली एसी! असल्या माणसांना दुकानाबाहेर सावलीपुरतंसुद्धा जग ठाऊक नसतं. मी फुलवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला. बॅटऱ्या आता त्यात, सावलीत राहतात. जाड खोडाला पेट्रोलची आहेच, पण ती जमिनीवर गडी आणि मी आळीपाळीनं चालवतो. मुलाच्या हाताला ती लागू देत नाही.

जावई हल्ली चारचौघांत सांगतात, "बॅटरीची घ्या म्हणून मीच सुचवलं होतं." सांगू देत. त्यांची ती लाजरी करवत आमच्या माळ्यावर आहे. कुणी फारच बोललं तर खाली काढेन.

परवा एका बंगल्यात लिंबाच्या फांद्या उतरवल्या. काम आटोपून मुलगा खाली आला. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं ग्लास आणले. मुलानं सवयीनं ग्लास मुठीत घेतला आणि ओरडला, "आयो! भाजलं की!" अर्धा चहा मातीत.

गडी हसायला लागले. चहावाला फडकं घेऊन धावला. "वाईच दम धरायचा की, दादा. आत्ताच उकळलाय."

मुलगा ग्लास खाली ठेवून बोटं डोळ्यांसमोर धरून एकेक चोळत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून तसंच आहे, म्हणाला. पण बाकीची भाजली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी चहावाल्याकडे वळले, कारण मला पोरासमोर डोळे पुसायचे नव्हते.

"आणखी एक आण," मी म्हटलं. "आणि असाच उकळता आण. गार आणलास तर बघ."