हिराच्या चाळीस बाटल्या

बेडसे गावाच्या वरच्या, डोंगरातल्या वाडीतली हिरा पुण्यात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होती. वाडीतली ती पहिली मॅट्रिक. १९६८ साली, शेवटच्या वर्षाला, प्रत्येकानं छोटं संशोधन करायचं होतं. कुणी फुलपाखरं घेतली, कुणी पवना नदीतले मासे. हिरानं लिहून दिलं : वाडीतल्या माणसांच्या पोटातले जंत.

विभागप्रमुखांनी कागद परत सरकवला. "मुलीच्या जातीला शोभेल असं काही घे. बेडूक घे."

"सर, आमच्याकडचे बेडूक धडधाकट आहेत. बायका आजारी आहेत."

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत, हिराही नाही. तिनं विषयही बदलला नाही. तिची थोरली बहीण सावित्रा बाळंतपणात गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, "हिच्या अंगात रक्तच नव्हतं." रक्त गेलं कुठं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत हिरा औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन दारोदार फिरली. तिला शौचाचा नमुना हवा होता. ऐकताच म्हातारे शिदूआबा काठी घेऊनच उठले.

"ह्येच शिकाया धाडली व्हय तुला? लाज न्हाई?"

"आबा, आमची अक्का मेली तवा कुनाला वाटली लाज?"

आबांनी काठी खाली टेकवली. बाटली मात्र घेतली नाही. घरी आई, बयाबाई, तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं आपली बाटली भरून अंगणात आणून ठेवली. मग शेजारणींच्या आल्या. चाळीस झाल्या.

कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई दारात आडवा झाला. "ही घाण आत न्यायची नाही."

हिरानं व्हरांड्यात टेबल मांडलं. रतन नावाच्या मैत्रिणीनं सूक्ष्मदर्शक खिडकीतून बाहेर दिला. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावायचे. पंधरा दिवस हिरा तिथंच एकेक नमुना मिठाच्या दाट पाण्यात कालवून, वर तरंगून आलेलं तपासत राहिली. एकतीस नमुन्यांत अंकुशकृमीची अंडी निघाली. हा जंत चिखलातून अनवाणी पायांच्या कातडीत शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. भातलावणीला अख्खी वाडी अनवाणी उतरायची.

सरांनी भिंगाला डोळा लावला, तो बराच वेळ काढला नाही. "पुन्हा मोज," एवढंच म्हणाले. तिनं पुन्हा मोजलं. एकतीसच! त्यांनी सही केली.

तो कागद घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, वाडीला रस्ता नाही. हिरा पाच वेळा गेली. पाचव्या खेपेला डॉक्टर औषधाची पेटी घेऊन तिच्यामागून डोंगर चढले.

पुढं ती एम.एस्सी. होऊन आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत लागली. तळेगावाहून एक चांगलं स्थळ सांगून आलं. चहा घेऊन पाहुण्यांनी एकच अट घातली, ही घाणीची नोकरी सोडायची. हिरा काही बोलायच्या आत बयाबाईच पुढं झाली.

"चा घेतलासा न्हवं? मग निघा आता."