बशीखालचा चहा

बाहूच्या गेममधला सगळ्यात चांगला प्रसंग माझ्यामुळे गेला. तो वाईट आहे असं मी त्याला सांगितलं आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्याने तो काढून टाकला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे त्याच्याविषयी जे चांगलं लिहीन ते वाचून कुणी मला त्याचा जिवलग मित्र समजू नये. मित्र होतो... पण शेवटचं वर्ष-दीड वर्ष मी त्याच्यावर नजर ठेवून होतो.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. फोन त्याच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा. "मास्तर, बाहू गेला की वो. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या." त्यांचा आवाज रडून रडून कोरडा पडला होता. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "वैनीस्नी सांगा तेवढं. लई नाव काढायचा त्यांचं." आणि मला, ज्याचा वीस वर्षांपासूनचा मित्र तासाभरापूर्वी गेला होता त्या मला, पहिला विचार आला तो हा की, माझ्या बायकोचं नाव हा का काढायचा? वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं सरांना धक्का बसला.

बाहू हातकणंगल्याजवळच्या एका जैन शेतकरी घरातला. लग्न केलं नाही. आक्का विधवा होऊन माहेरी आल्या, त्या आणि तो असं दोघांचं घर. शाहूपुरीत त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली... कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय माणसाचं काही पुरं होत नाही, त्यामुळे त्याला उसंत नसे. मी मराठीचा मास्तर म्हणून मजकूर बघायला मला बोलवायचा आणि तिथूनच आमची मैत्री झाली. त्याचा एक नियम होता. "माणूस हाय त्यापेक्षा जरा बरा दिसला पायजे, पर घरच्यांनी वळखला पायजे." एकदा एकजण वडिलांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आला आणि फोटोवर गॉगल चढवा म्हणून हटून बसला. बाहू म्हणाला, "पावणं, गेलेल्या माणसाला गॉगल?" तो म्हणाला, "गेलं म्हणून काय झालं? हौस हुती त्यांस्नी." बाहूने थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि गॉगल म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात अडकवला, एक काडी बाहेर लोंबती ठेवून. त्या माणसाने फ्लेक्स बघितला आणि तिथेच रडायला लागला. असा हा माणूस. लोकांकडे टक लावून बघायचा, आणि बघितलेलं विसरायचा नाही. पुढे मला नेमकी याचीच भीती वाटायला लागली.

दुकानातल्याच कॉम्प्युटरवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, तो स्वतःचं स्वतः शिकून एक गेम बनवत होता. मारामारी नाही, पळापळ नाही. मोबाइलवर एक चित्र येतं, खाली एखादं वाक्य येतं, आणि मधूनमधून दोन-तीन उत्तरं समोर येतात, त्यांतलं एक आपण निवडायचं. तासाभरात संपणारी प्रेमकथा. नायिकेचं नाव रेवती. नायकाला नाव नाही आणि चेहराही नाही, कारण नायक म्हणजे खेळणारा. आपल्याला दिसते ती फक्त रेवती, आपल्याकडे बघणारी. पुरा झाल्यावर त्याने तो माझ्या मोबाइलवर घालून दिला. म्हणाला, "मास्तर, खरं सांगायचं. काय जमलंय, काय फसलंय. पोरांचे पेपर तपासतोस तसं, लाल पेन घिऊन."

त्याला तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सांगतो. संगीत फसलं होतं. फोन लावल्यावर 'थांबा' म्हणून वाजवतात तसली एक धून, तीच ती. बसस्टँडवरचा प्रसंग फार लांबला होता. तिथे नायकाच्या मनातलं जे लिहिलं होतं ते पाठ्यपुस्तकातल्यासारखं होतं, बाहूचं वाटतच नव्हतं. शेवट नृसिंहवाडीच्या घाटावर, आणि तिथे दोघं इतक्या घाईने एकमेकांची होतात की आपण काहीतरी वाचायचं राहिलं की काय असं वाटतं. पण रेवती जमली होती. तिची पाच-सहाच चित्रं होती, बहुतेकांत फक्त नजर वेगळी, आणि तेवढ्यावर ती जिवंत झाली होती. ती आपल्याकडच्या बायकांसारखी बोलायची, टोमणा मारून मग स्वतःच हसायची. आणि मधे तो चहाचा प्रसंग होता.

संध्याकाळ. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर दोन कप. तो अजून आलेला नाही. रेवती एका कपावर बशी पालथी घालते. इतका वेळ कटकट करणारं संगीत इथे एकदम बंद होतं, फक्त बशी टेकल्याचा बारीक आवाज येतो. ती म्हणते, "झाकून ठेवला की येतंय माणूस." मग दाराची कडी वाजते आणि आपल्यापुढे तीन उत्तरं येतात. 'उशीर झाला.' 'गाडी मिळाली नाही.' 'चहा गार झाला असेल.' कुठलंही निवडा, ती काही बोलत नाही. बशी उचलते. वाफेची एक रेघ वर जाते, बस्स.

माझी बायको सुजाता चहा असाच झाकते. लग्न झाल्यापासून बघतोय. दुसऱ्या कुठल्या घरात मी हे बघितलेलं नाही... आणि ते वाक्यही तिचंच. तो प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला. हे ह्याला कसं माहीत? ती वाट कुणाची बघतेय? ज्याला चेहराच नाही त्याची. ज्याने गेम केला, त्याची.

त्यानंतर मी तो गेम खेळायचो तो पुरावे शोधायला. रेवतीची साडी मोरपंखी, म्हणून मी सुजाताचं कपाट उघडून बघितलं. रेवती गवारी मोडते, म्हणून आमच्याकडे गवारी झाली की मला घास जात नसे. बोलता बोलता मी मुद्दाम बाहूचं नाव काढायचो आणि सुजाताच्या चेहऱ्याकडे बघायचो. तिचा चेहरा बदलला नाही तर वाटायचं, किती तयारीची आहे! शाळा सुटल्यावर संस्थेच्या कामात, आणि खरं सांगायचं तर कामापेक्षा गप्पांत, मी रोज अडकायचो. एक दिवस न सांगता लवकर घरी गेलो. बाहू बाहेरच्या खोलीत मला भेटायला म्हणून बसला होता, रिकामा कप हातात. सुजाता आतून काहीतरी म्हणाली आणि तो मोठ्याने हसला. मी आत गेलो तर ओट्यावर एक कप, बशीने झाकलेला. दोघं मिळून तो प्रसंग मला करून दाखवतायत असं वाटलं. "आज लवकर?" सुजाताने विचारलं. या दोन शब्दांवर मी आठवडाभर विचार केला.

मग मी दुकानात जाऊन माझा निकाल दिला. आत मशीन चालू होतं, कुणा भावी नगरसेवकाचा हसरा चेहरा हळूहळू बाहेर येत होता. मी म्हणालो, संगीत उत्तम आहे. बसस्टँडचा प्रसंग उत्तम, अजून वाढव. शेवटही छान. "फक्त तो चहाचा भाग काढ."

"का रं?" त्याचा चेहरा उतरला.

"खोटा वाटतो. कोण बाई असं करते? आणि काहीही निवडलं तरी ती बशी उचलतेच, मग निवडायला लावतोस कशाला?"

"ती उचलणारच हाय," तो सावकाश म्हणाला. "पर आपण काय बोललो ते आपल्याजवळ ऱ्हातंय की." मग त्याने विचारलं, "वैनीस्नी दाखवलास?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. सुजाताला मी गेमविषयी अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "दाखवला. तिलाही आवडला नाही. तिला राग आलाय थोडा."

त्याने मशीन बंद केलं. नगरसेवक कपाळापर्यंत छापून तसाच राहिला. "राग आला?" त्याने पुन्हा विचारलं. "मग काढतोच. चुकलं माजं. त्यांस्नी सांग, काढला म्हणून."

महिन्याभराने त्याने दुरुस्त केलेला गेम पाठवला. मी तो उघडलाही नाही. गेम त्याने लोकांपुढे ठेवला नाही. विचारलं तर म्हणायचा, "ऱ्हाऊ दे लेका, त्यात आता दम ऱ्हायला न्हाय." आमच्या घरी येणंही त्याने कमी करत करत बंद केलं. सुजाताने दोन-तीनदा विचारलं, "बाहूभाऊजी येत नाहीत हो हल्ली?" तिने का विचारलं, यावरही मी विचार केला. ती विचारायचं थांबली, तेव्हा ती का थांबली यावरही.

रक्षाविसर्जन झाल्यावर काही दिवसांनी आक्कांनी दुकानात बोलावलं. जागा सोडायची होती. "या डब्यात त्येचं काय काय हाय ते तुमीच बघा मास्तर. मला काय कळतंय त्यातलं?" मी कॉम्प्युटर चालू केला आणि गेम उघडला. संगीत तसंच. बसस्टँडचा प्रसंग, मी सांगितलं म्हणून, आणखी लांबवलेला. मग रेवतीचं घर, ओटा, कडी वाजल्याचा आवाज... आणि ती म्हणते, "या, बसा." की लगेच नृसिंहवाडी. मधे काही नाही. जोडही नीट केला नव्हता, चित्र नुसतं उडी मारत होतं. माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा जपून काढणाऱ्या बाहूने इथे हात फिरवला नव्हता. आक्का मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ही पोरगी कोण वो?"

माझा जुना मोबाइल, काच तडकलेला, टेबलाच्या खणात पडला होता. मी त्यावर नवा गेम कधी घातलाच नव्हता. चार्जिंगला लावला आणि रविवारी दुपारी सुजातासमोर ठेवला. एवढंच म्हणालो, बाहूने केला होता. ती चष्मा लावून बसली. संगीताला वैतागली. बसस्टँडवर म्हणाली, "हे काय भाषण लावलंय भाऊजींनी?" मग ओटा आला, दोन कप आले, संगीत थांबलं. रेवतीने बशी पालथी घातली, आणि पडद्यावर वाक्य यायच्या आधी सुजाताच म्हणाली, "झाकून ठेवला की येतंय माणूस."

ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. "समोर बसलेले असायचे ना भाऊजी तुमची वाट बघत. मी तुमचा चहा झाकायची. ते म्हणायचे, वैनी, मागनं गरम करून द्या की त्येला. मी म्हणायची, झाकला की येतात. त्यावर किती हसायचे!" मग तिने मोबाइल माझ्याकडे वळवला. खाली तीन उत्तरं थांबली होती. "आणि हे बघा, तुम्हीच! उशीर झाला, गाडी मिळाली नाही, चहा गार झाला असेल... पंचवीस वर्षं दारातून आत येताना हेच बोलताय. चौथं काही तुम्हाला कधी सुचलंय का?"

ज्याला चेहरा नव्हता तो मी होतो. घरच्यांनी ओळखला. मला ओळखू आला नाही.

"इतकं चांगलं केलेलं मला दाखवलं का नाही त्यांनी?" तिने विचारलं. तेव्हा मी सांगितलं. संशय कसा आला, कपाट का उघडलं, दुकानात काय बोललो, सगळं. संशयाचं ऐकतानाही तिचा चेहरा शांत होता. पण तिच्या नावावर खोटं सांगितल्याचं आलं तेव्हा तिने चष्मा काढला. "म्हणजे मला राग आलाय असं समजून गेले ते? रुसून नव्हे, मला घाबरून यायचे थांबले ते?" ती उठून आत गेली.

त्या दिवसापासून घरात माझा चहा झाकलेला नसतो. चहा होतो, पण मी आल्यावर. ती तक्रार करत नाही, भांडतही नाही. त्या तडकलेल्या मोबाइलमधला गेम आता आक्कांकडेही आहे. तो लोकांपुढे ठेवायचा का ते त्या ठरवतील. त्यांच्यासमोर मी सगळं कबूल केलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माज्याम्होरं नगा सांगू. वैनींम्होरं सांगा." मी म्हणालो, सांगितलंय. त्या म्हणाल्या, "सांगितलंसा. माफी मागितलीसा का?"

बाहूने चहाच्या त्या प्रसंगात एकच उत्तर कमी ठेवलं होतं, आणि ती चूक त्याची नव्हती. जे माझ्या तोंडून त्याने कधी ऐकलंच नाही ते तो कुठून लिहिणार होता?

परवा सुजाता बहिणीकडे गेली होती. मी शाळेतून थेट घरी आलो. दोन कप चहा केला, जरा पांढराच झाला. माझा प्यायलो नाही. तिच्या कपावर बशी पालथी घातली आणि ओट्याशी उभा राहिलो. कडी वाजली. ती आत आली, हातातली पिशवी खाली ठेवली, कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "बाहूशी खोटं बोललो, तुझ्या नावावर बोललो. चुकलं माझं, सुजाता. मला माफ कर."